लुई पाश्चर आणि गुराढोरांच्या साथी

ज्या घरात दोन बैल, एक गाय आणि चार शेळ्या एवढीच काय ती दौलत असते, त्या घरी साथीचा रोग शिरला म्हणजे काय होते, हे खेड्यातील माणसास सांगावयास नको. सकाळी चरावयास गेलेले जनावर संध्याकाळी दावणीला परत येत नाही. आणि ऐन पेरणीच्या तोंडावर बैल गेला तर वर्षाची भाकर त्याच्याबरोबर जाते. दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत सर्व जगात अशा साथीपुढे मनुष्य हात टेकून बसत असे. कोणी तो दैवाचा कोप समजे, कोणी शेजाऱ्याची करणी समजे, तर कोणी त्या शेतालाच शाप आहे असे म्हणे. रोग येतो कोठून, एका जनावरातून दुसऱ्यात जातो कसा, आणि त्याला वाटेतच अडवावे कसे, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात ज्यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग वेचला, त्या लुई पाश्चर ह्यांचे चरित्र आज वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

फ्रान्स देशाच्या पूर्वेस जुरा नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील डोल ह्या गावी २७ डिसेंबर १८२२ रोजी लुईचा जन्म झाला. त्याचा बाप जाँ-जोसेफ हा नेपोलियनच्या सैन्यात शिपाईगिरी करून आलेला होता. लढाया संपल्यावर तो आपल्या घराण्याच्या, म्हणजे कातडी कमावण्याच्या धंद्याला लागला. लुई लहान असतानाच हे कुटुंब आर्ब्वा गावी नदीकाठच्या घरात राहावयास गेले. खाली कातडी भिजविण्याचे हौद आणि वर राहण्याच्या खोल्या, अशा घरात हा मुलगा वाढला. बापाला शिक्षण थोडेच मिळाले होते, परंतु मुलाने शिकून शाळामास्तर व्हावे अशी त्याची फार इच्छा होती. शाळेत लुई विशेष हुशार म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. त्याला चित्रे काढण्याचा नाद होता, व शेजाऱ्यापाजाऱ्यांची हुबेहूब चित्रे तो काढीत असे.

तो आठ वर्षांचा असता १८३१ साली त्या मुलखात एक पिसाळलेला लांडगा शिरला व त्याने पुष्कळांना चावे घेतले. त्या काळी ह्यावर एकच उपाय ठाऊक होता. चावलेल्या माणसास लोहाराच्या भट्टीवर नेऊन लाल तापविलेल्या लोखंडाने त्याची जखम डागीत. आर्ब्वा येथील लोहाराच्या दारी हे दृश्य लुईने पाहिले. डागण्या सोसूनही त्यांपैकी कित्येक लोक तडफडून मेले. ही आठवण त्याच्या मनातून कधी गेली नाही.

पंधरा वर्षांचा झाल्यावर त्याला शिक्षणाकरिता पॅरिस शहरी पाठविले. पण घराच्या आठवणीने तो इतका झुरू लागला की थोड्याच दिवसांत बाप जाऊन त्याला परत घेऊन आला. पुढे तो जवळच्या बझांसाँ शहरी शिकला, पुन्हा पॅरिसला गेला, आणि १८४३ साली तेथील नामांकित अध्यापक-विद्यालयात त्याचा प्रवेश झाला. ज्या मुलाने पहिल्या खेपेस हार खाल्ली होती तोच दुसऱ्या खेपेस टिकला, ही गोष्ट आपल्या मुलांस सांगण्यासारखी आहे.

पाश्चर हे वैद्य नव्हते, जनावरांचे डॉक्टरही नव्हते. त्यांचा विषय रसायनशास्त्र. १८४८ साली द्राक्षाच्या आम्लाच्या स्फटिकांविषयी मोठा शोध लावून त्यांनी नाव मिळविले. १८४९ साली मारी लोराँ ह्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. ही बाई पतीच्या कामात जन्मभर सोबतीण होती. रात्री ते सांगत आणि ती लिहून घेई. १८५४ साली लील शहरात त्यांची नेमणूक झाली. तेथे बीटपासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराचा माल वारंवार नासू लागला, व १८५६ साली तो सल्ल्याकरिता पाश्चर ह्यांच्याकडे आला. त्यांनी त्या पिंपांतील रस सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला. चांगल्या रसात एका प्रकारचे सूक्ष्म जीव दिसले व नासलेल्या रसात दुसऱ्या प्रकारचे दिसले. आपल्या घरी दुधाला विरजण लावले म्हणजे दही होते. ते विरजण म्हणजे असे कोट्यवधी सूक्ष्म जीवच होत, हे ह्या शोधांमुळे कळले.

त्या वेळचे पुष्कळ विद्वान असे मानीत की हे जीव कुजणाऱ्या पदार्थांत आपोआप उत्पन्न होतात. पाश्चर ह्यांनी हंसाच्या मानेसारख्या लांब व वाकड्या नळीच्या काचपात्रांत रस उकळून ठेवला. हवा आत जाई, पण धूळ नळीच्या वाकणातच अडकून राही. तो रस नासला नाही. पात्राची मान मोडताच थोड्या दिवसांत तो नासला. ह्यावरून सिद्ध झाले की जंतू हा जंतूपासूनच येतो. दूध तापवून त्यांतील अपायकारक जंतू मारण्याच्या रीतीस आजही पाश्चर ह्यांचेच नाव आहे.

ह्यापुढे जंतूपासून जनावरांच्या रोगांकडे त्यांची पावले वळली, ती रेशमाच्या किड्यांच्या वाटेने. फ्रान्सच्या दक्षिण भागात रेशमाचे किडे पाळून हजारो गरीब कुटुंबे पोट भरीत. त्या किड्यांत रोग पडून तो धंदा बुडाला, तेव्हा १८६५ साली सरकारने पाश्चर ह्यांना तेथे पाठविले. त्यांनी तोवर रेशमाचा किडा हातातही धरला नव्हता. पाच वर्षे खपून त्यांनी ठरविले की येथे एक नव्हे, दोन रोग आहेत. आणि एक साधी रीत घालून दिली. अंडी घातल्यावर मादी पाखराचे शरीर कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, आणि रोगाचे कण दिसले तर तिची सर्व अंडी जाळून टाकावी. रोगी बियाणे पुढे जाऊ द्यावयाचे नाही, एवढ्या एका नियमाने धंदा पुन्हा उभा राहिला.

परंतु ह्याच वर्षांत त्यांच्या घरावर दुःखाचे डोंगर कोसळले. १८५९ साली थोरली मुलगी ज्यान विषमज्वराने गेलीच होती. १८६५ साली बाप वारला, त्याच वर्षी दोन वर्षांची कामीय गेली, आणि १८६६ साली बारा वर्षांची सेसील विषमज्वरानेच गेली. पाचांपैकी दोनच मुले उरली. मग ऑक्टोबर १८६८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन डावे अंग लुळे पडले. त्या वेळी त्यांचे वय पंचेचाळीस होते. लोक समजले की आता ह्या मनुष्याचे काम संपले. परंतु गुराढोरांसाठी व माणसांसाठी त्यांनी जे मोठे कार्य केले ते सर्व ह्यानंतरचे आहे. डावा हात अखेरपर्यंत नीट चालला नाही. हाताची कामे शिष्य करीत, आणि डोळा व बुद्धी त्यांची असे.

त्या काळी फ्रान्सात मेंढरांवर व गुरांवर एका भयंकर रोगाची साथ दरसाल येई. आपल्याकडे त्याला फाशी म्हणतात, आणि माणसास झाला असता काळपुळी म्हणतात. धडधाकट दिसणारे जनावर एकाएकी पडते, नाकातोंडातून काळे रक्त येते, व काही तासांत ते मरते. १८७६ साली जर्मनीतील एका लहान गावच्या रॉबर्ट कॉख नावाच्या डॉक्टराने ह्या रोगाच्या जंतूचे सर्व जीवनचक्र दाखवून दिले. तरीही रोगाचे कारण तो जंतू की रक्तातील दुसरे काही, असा वाद चालूच होता. पाश्चर ह्यांनी रोगी रक्ताचा एक थेंब रसात टाकून जंतू वाढविले, त्यातील एक थेंब नव्या रसात, त्यातील पुन्हा नव्यात, असे पुष्कळ वेळा केले. मूळच्या रक्ताचा लवलेशही उरला नाही, तरी शेवटच्या पात्रातील थेंबाने जनावर मेले. वाद मिटला.

आता प्रश्न राहिला की काही शेतांत चरावयास गेलेली मेंढरे वर्षानुवर्षे का मरतात? लोक त्या शेतांना शापित म्हणत. पाश्चर स्वतः शेतांतून हिंडले, धनगरांशी व शेतकऱ्यांशी बोलले. एका शेतात काही जागची माती निराळ्या रंगाची दिसली म्हणून त्यांनी मालकास विचारले; तेव्हा मागे रोगाने मेलेली मेंढरे तेथेच पुरली होती असे कळले. त्या जागेवर गांडुळांनी वर आणून टाकलेली माती त्यांनी तपासली, आणि तीत त्याच रोगाची बीजे सापडली. हा जंतू हवेत उघडा पडला की स्वतःभोवती कठीण कवच करून घेतो, व त्या स्थितीत मातीत पुष्कळ वर्षे जिवंत राहतो. शाप नव्हता, मेलेल्या जनावराची व्यवस्था नीट झाली नव्हती. म्हणून त्यांनी शेतकऱ्यांना सांगितले की ज्या जमिनीत गुरे चारावयाची किंवा वैरण पिकवावयाची, तेथे अशी मढी कधीही पुरू नयेत.

रोगाची वाट कळली. ती अडविण्याचा उपाय कोंबड्यांनी दाखविला. कोंबड्यांच्या पटकीचा जंतू तुलूझ येथील पशुवैद्य आँरी तुसँ ह्यांनी पाश्चर ह्यांच्याकडे पाठविला होता. त्याची लागवड पुष्कळ दिवस हवेत तशीच राहिली म्हणजे तिचा जोर मंदावतो, व ती टोचलेली कोंबडी थोडी आजारी होऊन बरी होते, असे दिसून आले. मग तिलाच ताज्या व तीव्र जंतूंची टोचणी केली तरी ती मरत नाही! १८८० साली हा शोध त्यांनी प्रसिद्ध केला. इंग्लंडात १७९६ साली जेन्नर ह्यांनी गाईच्या देवीची लस टोचून माणसांच्या देवीचा प्रतिबंध केला होता. परंतु ती लस निसर्गाने दिलेली होती. रोगाचा जंतूच दुबळा करून त्याचीच लस बनविता येते, हे आता कळले.

फाशीच्या रोगावर अशी लस साधली आहे असे पाश्चर ह्यांनी जाहीर केले, तेव्हा पुष्कळ पशुवैद्यांनी त्यांची थट्टा केली. मलँ शहराजवळच्या पुयी-ल-फोर गावी रोसिन्योल नावाच्या पशुवैद्याच्या वाडीवर उघड परीक्षा ठरली. ५ मे १८८१ रोजी चोवीस मेंढरे, एक शेळी व सहा गुरे ह्यांना पहिली टोचणी केली. १७ मे रोजी दुसरी. चोवीस मेंढरे, एक शेळी व चार गुरे तशीच ठेवली. ३१ मे रोजी दोन्ही कळपांना तीव्र जंतू टोचले. २ जून रोजी शेतकरी, पशुवैद्य, अधिकारी व वर्तमानपत्रवाले ह्यांची दाटी झाली. लस टोचलेली सर्व जनावरे उभी राहून चरत होती. न टोचलेल्यांपैकी एकवीस मेंढरे व शेळी मरून पडली होती, आणखी दोन मेंढरे लोकांच्या डोळ्यांदेखत पडली, व शेवटचे त्याच दिवशी मेले. न टोचलेली गुरे वाचली, पण तापाने व सुजेने बेजार झाली. लस टोचलेल्यांपैकी एक गाभण मेंढी मात्र पुढे काही दिवसांनी दगावली. १८९४ पर्यंत एकट्या फ्रान्सात तीस लाखांहून अधिक मेंढरांना ही लस टोचण्यात आली.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य होणार नाही. पाश्चर ह्यांच्या खाजगी वह्या १९७० नंतर अभ्यासकांना पाहावयास मिळाल्या, तेव्हा असे उघड झाले की त्या दिवशी वापरलेली लस, त्यांनी लोकांस भासविले त्याप्रमाणे हवेने दुबळी केलेली नव्हती; त्यांचे सहकारी शांबरलाँ ह्यांनी रासायनिक द्रव्य घालून ती तयार केली होती. औषधी द्रव्याचा असा उपयोग तुसँ ह्यांनी १८८० मध्येच केला होता, व त्याचे श्रेय त्यांना मिळावयास पाहिजे होते. तुसँ थोड्याच वर्षांनी आजारी पडून १८९० साली वारले. लस खरी होती, जनावरे खरोखरच वाचली. परंतु ती कशी केली हे सांगण्यात पाश्चर सरळ राहिले नाहीत. मोठ्या माणसाचे चरित्र वाचताना त्याचे पायही मातीचेच होते हे आपण विसरू नये. त्याच्या कामाचा लाभ घ्यावा, आणि त्याच्या चुकीपासूनही शिकावे.

ह्यानंतर डुकरांची पाळी आली. फ्रान्सच्या खेड्यांत गरिबाचे धन म्हणजे त्याचे डुक्कर. त्यांत तांबड्या रोगाची साथ पसरली होती. डुकरास सणकून ताप येई, अंगावर लाल-जांभळे चट्टे उठत, सांधे सुजत, आणि पुष्कळ जनावरे दोनतीन दिवसांत मरत. पाश्चर ह्यांचा तरुण शिष्य लुई त्युलिये ह्याने १८८२ सालच्या मार्चमध्ये ह्या रोगाचा जंतू शोधून काढला. नोव्हेंबरात दक्षिणेकडील बोलेन गावच्या पशुवैद्याच्या बोलावण्यावरून पाश्चर स्वतः त्युलियेला घेऊन तेथे गेले. साठीच्या उंबरठ्यावरचा, अर्ध्या अंगाने अधू असा तो जगप्रसिद्ध पुरुष थंडीवाऱ्यात डुकरांच्या खुराड्यांतून हिंडत होता. येथे त्यांना एक नवलाची गोष्ट आढळली. हा जंतू कबुतरांतून एकामागून एक नेला तर डुकरांना तो अधिकच जहाल होतो. पण सशांतून तसाच नेला तर सशांना जहाल होतो आणि डुकरांना सौम्य. सशांतून नेलेला हा सौम्य जंतू हीच डुकरांची लस झाली.

त्युलियेला ह्या यशाचे फळ पाहावयास मिळाले नाही. १८८३ साली मिसर देशात पटकीची साथ आली असता तिचे कारण शोधण्याकरिता गेलेल्या मंडळींत तो होता, आणि १९ सप्टेंबर रोजी आलेक्झांड्रिया शहरी त्याच रोगाने तो मरण पावला. त्या वेळी त्याचे वय अवघे सत्तावीस होते. जर्मनीचे कॉख ह्याच कामाकरिता तेथे आले होते. फ्रान्स व जर्मनी ह्यांचे वैर, पाश्चर व कॉख ह्यांचे भांडण. तरी सर्व बाजूस ठेवून कॉख त्याच्या प्रेतयात्रेला गेले.

आता ती लांडग्याची जुनी आठवण फळास आली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर पाश्चर व त्यांचे शिष्य रू पुष्कळ दिवस खपत होते. रोगी सशांचा पाठीचा कणा काढून त्यांतील मज्जा कोरड्या हवेत सुकविली म्हणजे विषाचा जोर उतरतो, असे त्यांना आढळले होते. ६ जुलै १८८५ रोजी आल्सास प्रांतातून एक आई आपल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टर ह्या मुलास घेऊन आली. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला चौदा ठिकाणी चावा घेतला होता. माणसावर हा उपाय करावा की नाही ह्या विचाराने पाश्चर ह्यांची झोप उडाली. डॉक्टर ग्राँशे ह्यांच्या हातून तेरा टोचण्या देण्यात आल्या, व मुलगा वाचला. पुढल्या मार्चमध्ये रशियातील स्मोलेन्स्क येथून पिसाळलेल्या लांडग्याने फाडलेले एकोणीस लोक आले. उशीर झाला होता, तरी सोळा वाचले. आर्ब्वा येथील लोहाराची भट्टी ह्यापुढे लागणार नव्हती.

लोकांनी दिलेल्या वर्गणीतून पॅरिस शहरी पाश्चर संस्था उभी राहिली व १४ नोव्हेंबर १८८८ रोजी ती उघडली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, पाश्चर शांतपणे मरण पावले. त्यांचा देह त्या संस्थेतच ठेवला आहे.

ह्या वृक्षाच्या फांद्या आपल्या देशापर्यंत आल्या. त्या संस्थेत काम केलेले हाफकिन १८९३ साली हिंदुस्थानात आले, आणि १८९७ साली मुंबईत प्लेगची लस त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. जनावरांच्या रोगांच्या संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली आपल्या पुण्यातच निघाली. पुढे ती हिमालयात मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. त्युलियेने जो उपयोग सशांचा केला, तोच एडवर्ड्स ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात मुक्तेश्वरी शेळ्यांचा केला, आणि बुळकांड्यावर लस तयार केली. पुढे त्याहून चांगल्या लशी निघाल्या, व ज्या बुळकांड्याने गावेच्या गावे बैलांवाचून केली होती, तो रोग २०११ साली सर्व पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पशूंच्या रोगांपैकी समूळ गेलेला हा पहिलाच होय.

परंतु सर्व शत्रू मेलेले नाहीत. फाशीची बीजे मातीत आहेत. डुकरांचा आफ्रिकी ताप २०२० साली आपल्या देशात प्रथम शिरला. त्याला आवर घालण्याची मुख्य साधने म्हणजे रोगी कळप वेगळा काढणे, त्याची विल्हेवाट लावणे, जनावरांची ने-आण थांबविणे, आणि मांसाचे उष्टे-खरकटे डुकरांस न घालणे. तेव्हा वाचकहो, एवढे ध्यानात धरावे. जनावर एकाएकी मेले व नाकातोंडातून रक्त आले, तर कितीही मोह झाला तरी त्याचे कातडे काढू नये, ते फाडू नये, त्याचे मांस खाऊ नये. कारण ते उघडे पडले की रोगाची बीजे होतात, आणि पहिली काळपुळी कापणाऱ्याच्याच हातावर उठते. पशुवैद्यास तत्काळ कळवावे, व त्याच्या सांगण्याप्रमाणे मढे जाळावे किंवा चराईपासून दूर खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. आजारी जनावर कळपातून वेगळे बांधावे, ते लपवून बाजारात विकू नये. कारण विकणाऱ्याचे चार रुपये वाचतात आणि दुसऱ्या गावाची दावण रिकामी होते. लस टोचणारा गावात आला म्हणजे जनावरे रानात हाकून देऊ नयेत. कुत्रा चावला तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पुष्कळ वेळ धुवावी, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कातडी कमावणाऱ्याच्या घरी जन्मलेल्या, अर्ध्या अंगाने अधू झालेल्या, तीन लेकरे पुरून आलेल्या एका मनुष्याने ही वाट घालून दिली. तिच्यावरून चालणे एवढेच काम आपल्याकडे उरले आहे.